जोसिना माशेल

[पारतंत्र्यात जन्मलेल्या आणि स्वातंत्र्याची पहाट पाहण्यापूर्वीच काळाच्या पडद्याआड गेलेल्या मोझांबिक देशातील एका तरुण स्त्री-नेत्याचा परिचय प्रस्तुत पाठात करून दिला आहे. तिचे सार्वजनिक जीवन उणेपुरे दहा वर्षांचे. परंतु तेवढ्या अवधीत तिने आपल्या देशातील स्त्रियांसाठी शिक्षणाचे व समान अधिकाराचे दार उघडण्याचा प्रयत्न केला.]

आफ्रिका खंडाच्या नकाशाकडे पाहिले, म्हणजे आग्नेय किनाऱ्यावर दक्षिणोत्तर पसरलेला एक लांबट देश दृष्टीस पडतो. सुमारे अडीच हजार किलोमीटर लांबीच्या त्याच्या किनाऱ्यावर हिंदी महासागराच्या लाटा अखंड आदळत असतात. हाच मोझांबिक देश होय. भारताशी, आणि विशेषतः गोमंतकाशी, या देशाचा जुना संबंध आहे. वास्को द गामा 1498 साली कालिकत बंदरी आला, त्यापूर्वी काही महिने त्याने याच किनाऱ्यावर नांगर टाकला होता. पुढे पोर्तुगिजांनी दोन्ही ठिकाणी आपला अंमल बसवला. इतकेच नव्हे, तर 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमतीखाली चालत असे. गोवा 19 डिसेंबर 1961 रोजी मुक्त झाला. मोझांबिकला मात्र त्यानंतर आणखी साडेतेरा वर्षे झगडावे लागले. त्या झगड्यात ज्यांनी आपले तारुण्य वेचले, त्यांत जोसिना माशेल हिचे नाव तिच्या देशात आजही आदराने घेतले जाते.

जोसिनाचा जन्म 10 ऑगस्ट 1945 रोजी इन्यांबाने प्रांतातील विलांकुलो या समुद्रकाठच्या गावी झाला. तिचे माहेरचे आडनाव मुथेम्बा. तिच्याबरोबरच तिच्या जुळ्या भावाचाही जन्म झाला. तिचे आजोबा ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. परक्या सत्तेकडून होणारा अन्याय ते निर्भयपणे बोलून दाखवीत. वडील सरकारी रुग्णालयात परिचारकाचे काम करीत. त्यामुळे बदली होईल तिकडे सर्व कुटुंबाला बिऱ्हाड हलवावे लागे. या कुटुंबातील अनेकांनी, प्रत्यक्ष जोसिनाच्या वडिलांनीही, राज्यकर्त्यांना विरोध केल्याबद्दल निरनिराळ्या वेळी तुरुंगवास सोसला होता. घरात जे मोठ्यांच्या तोंडी असते, तेच मुलांच्या मनात रुजते. स्वातंत्र्याची आस जोसिनाला अशी घरातूनच मिळाली.

त्या काळी मोझांबिकमधील सामान्य माणसाची स्थिती कशी होती, हे समजून घेतल्यावाचून जोसिनाच्या कार्याचे मोल कळणार नाही. ‘चिबालो’ नावाची वेठबिगारीची पद्धत देशात रूढ होती. अंगमेहनत करू शकणाऱ्या पुरुषांना सरकारी रस्त्यांवर किंवा गोऱ्यांच्या मळ्यांवर सक्तीने राबावे लागे. दक्षिणेकडील प्रांतांतून हजारो पुरुष दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींत मजुरीला जात व महिनेच्या महिने घराबाहेर राहत. मागे राहणाऱ्या स्त्रियांवर शेत, मुले आणि म्हातारी माणसे यांचा सर्व भार पडे. अनेक भागांत शेतकरी कुटुंबांना सक्तीने कापूस लावावा लागे, आणि तो सरकारने ठरवलेल्या तुटपुंज्या भावाने विकावा लागे. पोटासाठी धान्य पेरायचे, तर जमीनही अपुरी आणि वेळही अपुरा, अशी अवस्था असे.

कायद्यानेही माणसामाणसांत भेद केलेला होता. पोर्तुगीज भाषा व पोर्तुगीज रीतिरिवाज ज्यांनी आत्मसात केले आहेत, अशा मूठभर आफ्रिकी लोकांना ‘असिमिलादो’ असा दर्जा मिळे. 1950 साली देशाची लोकसंख्या अर्ध्या कोटीहून अधिक होती. पण असा दर्जा मिळालेल्या व्यक्ती पाच हजारही नव्हत्या. जोसिनाचे कुटुंब या मूठभरांपैकी एक होते. त्यामुळे वयाच्या सातव्या वर्षी देशाच्या उत्तर टोकाकडील मोसिंबोआ दा प्राया या गावी, पोर्तुगीज मुलांसाठी चालवलेल्या शाळेत तिला प्रवेश मिळू शकला. आसपासच्या खेड्यांतील तिच्या वयाच्या मुली मात्र डोक्यावर पाण्याचे भांडे आणि पाठीला धाकटे भावंड बांधून शेताच्या वाटेने जात असत. शाळेत शिकवत, तो इतिहास पोर्तुगालचा. पाठ करून घेत, त्या नद्याही पोर्तुगालच्याच. ज्या भूमीवर आपण उभे आहोत, तिचे नाव मात्र पुस्तकात कोठेच नाही, ही गोष्ट विचारी मुलांच्या लक्षात आल्यावाचून राहत नसे.

पुढील शिक्षणासाठी 1956 साली जोसिना राजधानीच्या शहरी आली. आज मापुतो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराला त्या वेळी लोरेन्सो मार्किश असे म्हणत. तेथे ती आजीजवळ राहू लागली. दोन वर्षांनी तिने वाणिज्य शाळेत नाव घातले आणि हिशेबशास्त्राचा अभ्यास सुरू केला. शिक्षण पुरे करून तिने एखाद्या कचेरीत नोकरी धरली असती, तर तिचे आयुष्य सुखात गेले असते. परंतु याच सुमारास तिचा एका विद्यार्थी-संघटनेशी संबंध आला. माध्यमिक शाळांतील आफ्रिकी विद्यार्थ्यांची ही संघटना 1949 साली स्थापन झाली होती. वरवर पाहता तेथे वाचन, चर्चा व करमणुकीचे कार्यक्रम चालत. पण त्या निमित्ताने मुले आपल्या देशाचा इतिहास समजून घेत आणि पारतंत्र्याविषयी दबक्या आवाजात बोलत. गुप्त पोलिसांची त्यांच्यावर सतत नजर असे.

देशात वारे बदलू लागले होते. 16 जून 1960 रोजी उत्तरेकडील मुएदा या गावी आपली गाऱ्हाणी मांडण्यासाठी लोक जमले होते. त्या जमावावर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला आणि अनेक निरपराध माणसे प्राणांस मुकली. अर्जविनंत्यांचा मार्ग आता खुंटला, अशी भावना सर्वत्र पसरली. 25 जून 1962 रोजी शेजारच्या टांगानिका देशातील दार-ए-सलाम शहरी मोझांबिकच्या देशभक्तांनी एकत्र येऊन ‘फ्रेलिमो’ ही मुक्तिसंघटना स्थापन केली. एदुआर्दो मोंडलाने हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. ते समाजशास्त्राचे गाढे विद्वान होते. त्यांनी अमेरिकेतील विद्यापीठात अध्यापन केले होते, तसेच संयुक्त राष्ट्रसंघातही काम केले होते. मानाची व स्वास्थ्याची जागा सोडून असा माणूस देशासाठी परत आला, ही वार्ता कानोकानी पसरली आणि लोरेन्सो मार्किशमधील कितीतरी तरुणांनी दार-ए-सलामची वाट धरण्याचा निश्चय केला.

जोसिना त्यांपैकीच एक होती. मार्च 1964 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, काही विद्यार्थ्यांसह तिने गुपचूप घर सोडले. त्यांच्यात आर्मांडो गेबुझा नावाचा एक तरुण होता; हाच पुढे 2005 साली आपल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. दार-ए-सलाम दोन हजार किलोमीटरांहून दूर होते आणि वाटेत परकी राज्ये होती. त्या विद्यार्थ्यांनी ऱ्होडेशियाचा मोठा प्रदेश पार केला. झांबेझी नदीवरील सुप्रसिद्ध व्हिक्टोरिया धबधबा आला. नदी ओलांडली की मार्ग मोकळा होणार होता. परंतु काठावर येऊन नाव बुडावी, तसे झाले. ऱ्होडेशियाच्या पोलिसांनी त्यांना पकडले आणि पोर्तुगिजांच्या स्वाधीन केले. जोसिनाची रवानगी तुरुंगात झाली. तिचा एकोणिसावा वाढदिवस तिने तुरुंगाच्या भिंतीआडच काढला.

फ्रेलिमोने या विद्यार्थ्यांच्या सुटकेसाठी देशोदेशी आवाज उठवला. त्यामुळे सुमारे पाच महिन्यांनी जोसिनाची मुक्तता झाली. पण ती नावाचीच मुक्तता होती. ती कोठे जाते, कोणाशी बोलते, यावर पोलिसांचा पहारा होता. एवढा प्रसंग ओढवल्यावर दुसरी एखादी मुलगी भिऊन गप्प बसली असती. जोसिनाने मात्र त्याच वर्षी पुन्हा निघण्याची तयारी केली.

या खेपेस तिने दुसरा मार्ग धरला. प्रथम ती स्वाझिलँडमध्ये पोहोचली. आज एस्वातिनी म्हणून ओळखला जाणारा हा छोटा देश त्या वेळी ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होता. तेथील निर्वासितांच्या छावणीत काही दिवस काढल्यावर एका धर्मोपदेशकाच्या साहाय्याने ही मंडळी पुढे निघाली. वर्णद्वेषी राजवटीखालील जोहान्सबर्ग शहर मागे टाकून ती बेचुआनालँडमधील फ्रान्सिसटाउन येथे आली. हाच प्रदेश पुढे 1966 साली बोट्स्वाना या नावाने स्वतंत्र झाला. येथेही संकटाने त्यांची पाठ सोडली नाही. ब्रिटिश अधिकारी त्यांना परत पाठवण्याच्या विचारात होते. परत जाणे म्हणजे पुन्हा तुरुंगात पडणे, हे सर्वांना कळत होते. ही बातमी समजताच मोंडलाने यांनी आफ्रिकी ऐक्य संघटना व संयुक्त राष्ट्रसंघ यांच्याकडे धाव घेतली. अखेर अधिकाऱ्यांनी आपला बेत सोडला. विद्यार्थ्यांना झांबियातील लुसाका शहरी आणि तेथून मालमोटारीने टांझानियात जाऊ देण्यात आले. तीन हजार किलोमीटरांहून अधिक वाट तुडवून जोसिनाने दार-ए-सलामच्या भूमीवर पाय ठेवला.

दार-ए-सलाम येथे ‘मोझांबिक संस्था’ या नावाचे एक निवासी विद्यालय होते. परागंदा झालेल्या मोझांबिकच्या मुलांना तेथे शिक्षण मिळे. एदुआर्दो मोंडलाने यांच्या पत्नी जॅनेट मोंडलाने या संस्थेच्या संचालिका होत्या. त्यांची सहायक म्हणून विसाव्या वर्षी जोसिना काम करू लागली. हिशेबाचे ज्ञान, नीटनेटकेपणा आणि गोड वाणी यांमुळे अल्पावधीतच ती सर्वांना हवीहवीशी झाली. सुमारे दीड वर्षाने तिच्यापुढे एक मोठी संधी चालून आली. स्वित्झर्लंडमधील विद्यापीठात शिकण्यासाठी तिला शिष्यवृत्ती देण्यात आली. शिक्षणासाठी जिने एवढी धडपड केली, तिला या संधीचा मोह पडला असेल, तर त्यात नवल नाही. शिवाय स्वतंत्र देशाला पुढे सुशिक्षित माणसे लागणारच होती, तेव्हा शिष्यवृत्ती स्वीकारण्यात कोणताही दोष नव्हता. परंतु जोसिनाने नकार दिला. सरहद्दीपलीकडे आपले लोक लढत असता आपली जागा त्यांच्याजवळ आहे, असे तिच्या मनाने घेतले होते.

25 सप्टेंबर 1964 पासून मोझांबिकमध्ये सशस्त्र लढा सुरू झाला होता. उत्तरेकडील काबो देल्गादो व नियासा या प्रांतांतील काही मुलूख हळूहळू पोर्तुगिजांच्या ताब्यातून सुटू लागला होता. या लढ्यात स्त्रिया आरंभापासून मदत करीत होत्या. त्या डोक्यावरून धान्य व दारूगोळा वाहून नेत, जखमींना आश्रय देत. परंतु सभेत बसण्याचा, विचार मांडण्याचा, निर्णयात भाग घेण्याचा अधिकार त्यांना कोणी सहसा देत नसे. ओझे वाहण्यास स्त्री चालते. मग मत देण्यास का चालू नये, असा प्रश्न हळूहळू पुढे आला. त्यातूनच ‘स्त्री-पथक’ उभारण्याचे ठरले. 1967 साली पंचवीस तरुण स्त्रियांची पहिली तुकडी दक्षिण टांझानियातील नाचिंग्वेआ येथील छावणीत तीन महिन्यांच्या लष्करी शिक्षणासाठी दाखल झाली. तीत जोसिना होती.

स्त्रियांच्या हाती बंदूक द्यावी, ही कल्पना पुष्कळांना रुचली नाही. लढणे हे पुरुषांचे काम, असे पुरुष म्हणत. आणि मुलीच्या जातीला हे शोभत नाही, असे कित्येक वृद्ध स्त्रियाही म्हणत. जोसिना आणि तिच्या मैत्रिणी यांनी वाद घातला नाही. कामच करून दाखवले. त्यांनी मुक्त मुलखातील गावे व कोठारे यांचे रक्षण केले. पण त्यांचे खरे कार्य याहून मोठे होते. त्या गावोगाव पायी फिरल्या. झाडाच्या सावलीत त्यांनी शाळा भरवल्या, आरोग्यकेंद्रे चालवली, युद्धात आईबाप गमावलेल्या मुलांना पोटाशी धरले. परक्या पुरुषापुढे तोंड न उघडणाऱ्या खेड्यातील स्त्रिया या मुलींशी मोकळेपणी बोलत. आपली सुखदुःखे सांगत. आपल्यासारखीच एक मुलगी लिहिते, वाचते, सभेत बोलते, हे पाहून त्यांनाही धीर येई.

जुलै 1968 मध्ये नियासा प्रांतातील मुक्त मुलखात फ्रेलिमोचे दुसरे अधिवेशन भरले. तेवीस वर्षेही पुरी न झालेली जोसिना प्रतिनिधी म्हणून तेथे उपस्थित होती. स्त्रियांना संघटनेच्या प्रत्येक कार्यात बरोबरीचे स्थान मिळाले पाहिजे, अशी आग्रही भूमिका तिने मांडली. देश परक्यांच्या हातून सुटावा आणि देशातील अर्धी माणसे मात्र घरच्या दास्यात राहावी, याला स्वातंत्र्य कसे म्हणावे, हा तिच्या विचाराचा गाभा होता. याच सुमारास परराष्ट्र विभागातील स्त्री-शाखेचे प्रमुखपद तिच्याकडे सोपवण्यात आले. परदेशांतील सभांना उपस्थित राहून मोझांबिकच्या स्त्रियांची बाजू जगापुढे मांडण्याचे काम ती करू लागली.

1969 हे वर्ष तिच्या आयुष्यात सुखदुःखाचे ठरले. 3 फेब्रुवारी रोजी दार-ए-सलाम येथे टपालाने आलेल्या पुस्तकाच्या वेष्टनात दडवलेल्या बाँबचा स्फोट होऊन एदुआर्दो मोंडलाने यांचा अंत झाला. ज्यांच्या प्रयत्नांमुळे जोसिना परत पाठवली जाण्यापासून वाचली होती, तो आधार नाहीसा झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात टुंडुरू येथील शिक्षणकेंद्रात तिचा सामोरा माशेल यांच्याशी विवाह झाला. सामोरा हे फ्रेलिमोच्या सैन्याचे प्रमुख होते आणि 1970 साली ते संघटनेचे अध्यक्ष झाले. ज्या केंद्राच्या उभारणीत जोसिनाने हातभार लावला होता, तेथेच हा साधा विवाह पार पडावा, हे दोघांनाही शोभणारेच होते. नोव्हेंबरमध्ये त्यांना पुत्र झाला.

त्याच वर्षी जोसिनाकडे समाजकल्याण विभागाचे प्रमुखपद आले. चोवीस वर्षांच्या या तरुणीवर आता हजारो अनाथ मुले, विधवा आणि घरेदारे गमावलेली कुटुंबे यांची जबाबदारी होती. तिने उत्तरेकडील प्रांतांत बालगृहे व शाळा वाढवण्याचे काम हाती घेतले. मुलींना शाळेत पाठवा, ही गोष्ट तिने गावोगाव पुन्हा पुन्हा सांगितली. ते काम सोपे नव्हते. मुलीचे लग्न लहान वयातच ठरवण्याची चाल होती. लग्नाच्या वेळी वराकडून वधूच्या घरी मोबदला येई. मुलगी शाळेत गेली, तर घरचे काम कोण करील आणि पुढे तिच्याशी लग्न कोण करील, असे पालक विचारीत. शत्रूच्या चौकीवर हल्ला करणे एक वेळ सोपे. पण पिढ्यान् पिढ्या मनात घर करून बसलेली समजूत काढून टाकणे फार कठीण असते. त्यासाठी बंदूक उपयोगी पडत नाही. तेथे धीराने समजावत राहावे लागते. जोसिनाजवळ हा धीर होता.

मात्र शरीर तिला साथ देईना. 1970 साली तिच्या पोटात सतत दुखू लागले आणि अशक्तपणा वाढला. उपचारासाठी ती मॉस्कोला जाऊन आली. परत आल्यावर विश्रांती घेणे आवश्यक होते. परंतु कामाची निकड तिला स्वस्थ बसू देईना. तान्ह्या मुलाला एका मैत्रिणीच्या हाती सोपवून ती नियासा प्रांतात गेली आणि तेथील केंद्रांची पाहणी करीत सुमारे दोन महिने पायी हिंडली. मार्च 1971 मध्ये ती काबो देल्गादो प्रांतात गेली. तेथे तिची शक्ती अगदी संपली. आता आपल्याच्याने पुढे चालवणार नाही, हे ओळखून तिने आपले पिस्तूल सहकाऱ्यांच्या हाती दिले; ते तरी लढ्याच्या उपयोगी पडावे, एवढीच तिची इच्छा होती. तिला दार-ए-सलामला आणण्यात आले. 5 एप्रिल रोजी ती रुग्णालयात दाखल झाली आणि 7 एप्रिल 1971 रोजी तिची प्राणज्योत मालवली. त्या वेळी तिचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. तिचा मुलगा तेव्हा पुरता दीड वर्षाचाही नव्हता.

पुढच्याच वर्षी फ्रेलिमोने 7 एप्रिल हा दिवस ‘मोझांबिकी स्त्रीदिन’ म्हणून पाळण्याचे जाहीर केले. 1973 साली ‘मोझांबिकी स्त्री-संघटना’ स्थापन झाली. 25 एप्रिल 1974 रोजी पोर्तुगालमध्ये राज्यक्रांती होऊन तेथील हुकूमशाही कोसळली. 7 सप्टेंबर रोजी लुसाका येथे करार झाला. आणि 25 जून 1975 रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला. सामोरा माशेल हे त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या निकटच्या सल्लागारांत आकिनो द ब्रागांझा हे गोमंतकीय विद्वान होते, ही गोष्ट येथे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. 19 ऑक्टोबर 1986 रोजी झालेल्या विमान-अपघातात या दोघांचाही एकाच वेळी अंत झाला.

स्वातंत्र्य मिळाले म्हणून सर्व दुःखे सरली, असे मात्र झाले नाही. पोर्तुगीज गेले, तेव्हा देशातील दहापैकी नऊहून अधिक माणसांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यातच 1977 ते 1992 अशी पंधरा-सोळा वर्षे देश यादवी युद्धात होरपळला. कष्टाने उभारलेल्या कितीतरी शाळा व दवाखाने त्यात उद्ध्वस्त झाले. तरीही जोसिनाने लावलेले रोपटे वठले नाही. 2004 साली लुईझा दियोगो या देशाच्या पहिल्या स्त्री-पंतप्रधान झाल्या. 2019 च्या निवडणुकीनंतर 250 सभासदांच्या तेथील संसदेत शंभराहून अधिक स्त्रिया निवडून आल्या. ज्या स्त्रियांना एके काळी सभेत बसण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्या नातींनी देशाचे कायदे करावेत, हा बदल लहान नव्हे.

मापुतो शहरातील एका मोठ्या माध्यमिक शाळेला आज जोसिना माशेल हिचे नाव आहे. पोर्तुगीज अमदानीत त्याच शाळेला पोर्तुगालच्या हुकूमशहाचे नाव होते. दरवर्षी 7 एप्रिलला मोझांबिकमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी स्त्रिया ‘कापुलाना’ हे रंगीबेरंगी वस्त्र नेसून मिरवणुका काढतात आणि जोसिनाचे स्मरण करतात. सत्तेचे मोठे पद तिला लाभले नाही. स्वतंत्र देशाचा ध्वज फडकताना तिने पाहिला नाही. परंतु आयुष्याचे मोल त्याच्या लांबीवरून ठरत नाही. पुढे येणाऱ्यांसाठी आपण किती वाट मोकळी केली, यावरून ते ठरते. त्या मापाने मोजले, तर जोसिनाची पंचवीस वर्षे थोडकी नव्हेत.

शब्दार्थ

वेठबिगारी – मोबदला न देता किंवा सक्तीने करून घेतलेले काम
आत्मसात करणे – पूर्णपणे आपलेसे करणे
परागंदा होणे – देश सोडून दूर निघून जाणे
दास्य – गुलामगिरी
यादवी – आपापसांतील युद्ध
अमदानी – राजवट
वठणे – (झाड) वाळून जाणे

स्वाध्याय

1. पुढील प्रश्नांची एकेका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत कोठून चालत असे?
(आ) जोसिनाच्या वडिलांचा व्यवसाय कोणता होता?
(इ) जोसिना पहिल्या खेपेस कोठे पकडली गेली?
(ई) मोझांबिकमध्ये 7 एप्रिल हा दिवस कशासाठी पाळतात?

2. पुढील प्रश्नांची चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) पोर्तुगीज अमलात मोझांबिकमधील स्त्रियांवर कोणता भार पडत असे?
(आ) स्त्री-पथकातील मुलींनी मुक्त मुलखात कोणकोणती कामे केली?
(इ) मुलींना शाळेत पाठवण्यास पालक का तयार नसत?

3. कारणे द्या.
(अ) शाळेतील विचारी मुलांच्या मनात असंतोष निर्माण होई.
(आ) जोसिनाची सुटका ही ‘नावाचीच मुक्तता’ होती.

4. ‘शत्रूच्या चौकीवर हल्ला करणे एक वेळ सोपे, पण पिढ्यान् पिढ्या मनात घर करून बसलेली समजूत काढून टाकणे फार कठीण असते.’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.

5. जोसिनाने शिष्यवृत्ती नाकारली. हा निर्णय तुम्हांस योग्य वाटतो काय? दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत लिहा.

6. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
बिऱ्हाड हलवणे, प्राणांस मुकणे, काठावर येऊन नाव बुडणे, हातभार लावणे, प्राणज्योत मालवणे.

7. आफ्रिकेच्या नकाशात लोरेन्सो मार्किश (मापुतो), जोहान्सबर्ग, फ्रान्सिसटाउन, लुसाका व दार-ए-सलाम ही ठिकाणे शोधा आणि जोसिनाच्या दुसऱ्या प्रवासाचा मार्ग रेखाटा.